डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांना गाण्यावर व्यायाम कसा द्यावा

‘उजवा हात वर, आता खाली, आता डावा’ असं एका दमात सांगितलं की त्यात तीन सूचना होतात. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) मधल्या टप्प्यावर असेल तर तिसरी ऐकेपर्यंत पहिली निसटलेली असते. माणूस गोंधळतो, हात मांडीवर ठेवून बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, यांना करायचंच नाहीये. त्याच माणसासमोर ओळखीचं भजन लावून टाळी धरा. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला टाळी जुळते, पुष्कळदा ओठही हलू लागतात. अंगवळणी पडलेल्या हालचाली आणि तरुणपणी कानावर पडलेली गाणी अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बरीच उशिरापर्यंत टिकतात. सकाळी काय खाल्लं हे आठवत नसतानाही टिकतात.

या व्यायामाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. सूचना तोंडाने द्यायची नाही, गाण्याला देऊ द्यायची. एक गाणं, एक हालचाल, आणि रोज तीच जोडी. दोन-तीन आठवड्यांत गाण्याची सुरुवातीची पेटी वाजली की टाच उचलायला लागते. व्यायाम करवून घेणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो गाणी बदलायला जातो. तिथेच घडी विस्कटते.

अपेक्षा आधीच नीट ठेवलेली बरी. इंग्लंडमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेल्या चाचणीत चार महिने चांगला दमवणारा व्यायाम दिला गेला. अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. संगीतावरच्या उपचारांचा कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) त्याच वर्षी घेतलेला आढावाही साधारण तेच सांगतो: उदासी आणि वागण्यातल्या तक्रारी कमी होण्याची बरीच शक्यता, स्मरणशक्तीत फारसा फरक नाही. म्हणजे ‘रोज केलं की आठवायला लागेल’ असं घरात कोणी म्हणत असेल तर ते मनातून काढून टाका. खुर्चीतून स्वतः उठता येणं, खांदा न आखडणं (अंघोळ घालताना याची किंमत कळते), दुपार जरा शांत जाणं, यासाठी ही खटपट आहे.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना विचारायचं ते नेमकं विचारा. ‘व्यायाम केला तर चालेल ना?’ या प्रश्नाला ‘हो, हलका करा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी हे विचारा: मणक्याचं हाड ठिसूळ होऊन दबलेलं आहे का? असेल तर पुढे वाकणं आणि कमरेतून पिळणं बंद. खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे का? असेल तर पायावर पाय टाकणं आणि गुडघा कमरेच्या वर उचलणं सर्जनना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर जोरात टाळ्या आणि कडक वस्तू नकोत; पातळ त्वचेवर लगेच काळे-निळे डाग पडतात.

रक्तदाब दोन स्थितींत मोजून घ्या. पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उभं राहायची गाणी त्या दिवसापासून बंद आणि आकडे डॉक्टरांना दाखवायचे. बऱ्याचदा एखादी गोळी किंवा तिची वेळ बदलून काम होतं. मधुमेहाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी अजिबात नाही. नाश्त्यानंतर तासाभराने, म्हणजे साधारण दहा ते अकराच्या दरम्यानची वेळ बहुतेकांना मानवते. दुपारी चार-पाचनंतर अनेकांची घालमेल सुरू होते, ‘घरी जायचंय’ चालू होतं. त्या वेळी नवं काही सुरू करू नये. शांत गाणं लावून नुसतं हात धरून बसायला मात्र हरकत नाही.

आठवड्यातून किती? पासष्टीपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल-ताकदीचा व्यायाम सांगते. डिमेन्शियात तिथून सुरुवात करायची नसते. दहा मिनिटं, दिवसाआड. दोन आठवड्यांनी पंधरा. बहुतेक घरांत गाडी पंचवीस-तीस मिनिटांवर स्थिरावते आणि तेवढं पुरेसं आहे.

खुर्ची, पाय, जमीन

खुर्ची हाताची, सरळ पाठीची, चाकं नसलेली, बैठक जमिनीपासून १७-१८ इंच. जेवणाच्या टेबलाची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची चालते. प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची सगळ्यांच्या घरात असते आणि तीच पुढे केली जाते, पण चकचकीत फरशीवर तिचे पाय फाकतात, आणि उठताना एकाच हातावर भार दिला तर ती कलंडते. सोफा नको, त्यात माणूस रुतून बसतो. पलंगाची कड तर नकोच. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पावलं पूर्ण जमिनीला लागली पाहिजेत. बुटक्या आजींचे पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या, पण उभं राहायच्या गाण्याआधी तो आठवणीने काढा.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा कॅनव्हासचे बूट. सपाता निसटतात, नुसते मोजे घसरतात. साडीचा घोळ आणि गाऊनची कड घोट्याच्या वर हवी. बाथरूमला आधी नेऊन आणा, नाहीतर तिसऱ्या गाण्याला चुळबुळ सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल गाणं आवडलं नाही. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी. कवळी विसरली जाते. तोंडात दात नसले की गाणं म्हणायची लाज वाटते हे माणसाला शब्दांत सांगता येत नाही, तो फक्त गप्प बसतो.

जमिनीवरचं गडद पायपुसणं उचला. डिमेन्शियात खोलीचा अंदाज चुकतो, काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो आणि माणूस त्याच्या कडेला थबकतो किंवा ओलांडायला मोठी ढांग टाकतो.

घेणाऱ्याने समोर बसायचं, चार-साडेचार फुटांवर, त्याच उंचीच्या खुर्चीवर. तुमच्या पाठीशी खिडकी नको, तुमचा चेहरा काळा दिसेल आणि ओठांच्या हालचाली कळणार नाहीत. आरशासारखं करायचं: त्यांचा उजवा हात वर हवा असेल तर तुमचा डावा वर जातो. सुरुवातीला आपलीच गफलत होते, म्हणून आदल्या दिवशी एकदा स्वतः करून पाहा. उजवं-डावं हे शब्द मात्र उच्चारूच नका.

डे-केअरमध्ये सहा ते आठ जण, अर्धवर्तुळात, एक जण पुढे आणि दोन मदतनीस. शेजारच्या खुर्च्यांत हात पसरला तरी लागणार नाही एवढं अंतर. चुकून लागलेला धक्का काहींना मारल्यासारखा वाटतो आणि मग भांडण जुंपतं.

गाणी शोधणं

जन्मसाल घ्या आणि त्यात दहा ते तीस मिळवा. १९४५ चा जन्म असेल तर १९५५ ते १९७५ या काळात कानावर पडलेलं सगळ्यात खोल रुतलेलं असतं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला दर बुधवारी लागायची. ती ऐकत वाढलेल्या माणसाला हिंदी सिनेगीतं मराठी भावगीतांपेक्षा जवळची असू शकतात. घरात रेडिओच नव्हता अशा गावातल्या बाईला दोन्हीही नसतील; तिच्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, फेर आहे. म्हणून मुलांना विचारण्यापेक्षा भावंडांना विचारा. मुलांना आईची चाळिशीनंतरची आवड माहीत असते.

‘ज्येष्ठ नागरिक म्हणजे अभंग’ हे समीकरण सोयीचं आहे, पण ते सगळ्यांना लागू नाही. विदर्भातल्या एखाद्या काकांना खंजिरीवरचं भजन लागतं, दुसऱ्या घरात भीमगीतांशिवाय पाय हलत नाही, गोव्याच्या ख्रिस्ती आजींना मांडो किंवा चर्चमधली कोंकणी गाणी, कोणाला कव्वाली, खानदेशात अहिराणी लग्नगीतं. ज्यांनी उभा जन्म नाट्यसंगीतावर काढला त्यांना सिनेमातलं काही लावलं तर ते तोंडावर सांगतात, आणि बरोबरच सांगतात. परदेशात मुलांकडे असलेल्या आणि तिथल्या केअर होममध्ये जाणाऱ्या आजी-आजोबांचं इंग्रजी पुष्कळदा आधी जातं. तिथल्या कर्मचाऱ्यांना शब्द कळले नाहीत तरी चालतं, गाणी भरलेला पेनड्राइव्ह आणि हालचालींची यादी देऊन ठेवा.

तीन प्रकारची गाणी बाजूला काढा. घरच्या एखाद्या मृत्यूशी जोडलेली. काही अभंग अंत्ययात्रेत म्हटले जातात आणि ते नेमके कोणते हे त्या घरालाच माहीत असतं. मुलीच्या पाठवणीची. आणि तिसरा प्रकार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: आरती आणि राष्ट्रगीत. ती लागली की माणूस सवयीने उठून उभा राहतो, पाय मागे न घेता, आधार न शोधता. बसून करायच्या व्यायामात यांच्यासारखा धोका नाही.

गाणं चालतंय की नाही हे चेहऱ्यापेक्षा पायाच्या अंगठ्यावर आधी कळतं. एक मिनिट लावा आणि बघा: अंगठा, बोटं, ओठ, मान. काहीच हललं नाही तर लगेच बाद करू नका, तीन वेगवेगळ्या दिवशी लावून पाहा. ‘ओळखा पाहू हे कोणी गायलंय?’ असं कधीही विचारू नका. ती परीक्षा होते, नाव आठवत नाही, आणि चांगलं चाललेलं गाणं तिथेच संपतं.

लय मोजा

घड्याळ लावून १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा आणि चारने गुणा. १५ टाळ्या म्हणजे मिनिटाला ६०, २५ म्हणजे १००. सुरुवातीला आणि शेवटी ६० ते ७५, हातांना ७५ ते ९०, बसल्या जागी पावलं टाकायला ९० ते १०५. त्यापुढे सहसा जाऊ नये. हात पूर्ण वर नेऊन खाली आणायला चार मात्रा द्या, दोन नाहीत. खांदा आखडलेला असतो. दोन मात्रांत तो हात अर्ध्यातूनच परत येतो आणि व्यायामाचा उद्देशच राहून जातो.

ताल पाहून हालचाल ठरवा. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, पावलांना उत्तम. दादरा सहा मात्रांचा, डोलायला आणि हात बाजूला झुलवायला छान, पण त्यावर मात्रेगणिक पावलं टाकायला लावली तर जोर एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर पडतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. डिमेन्शियात पाय घोटाळतात. लांबलचक आलापाने सुरू होणारी गाणी शेवटच्या निवांत भागासाठी ठेवा.

गाणी डाउनलोड करून ठेवा आणि एका क्रमाने लावा. शफल बंद, मोबाइल एरोप्लेन मोडवर. फुकटच्या यूट्यूबवर दोन गाण्यांच्या मध्ये दुप्पट आवाजात जाहिरात येते आणि पंधरा मिनिटांची शांतता एका क्षणात जाते. कारवाँसारख्या गाणी भरलेल्या रेडिओचा ऐकायला उपयोग होतो, पण ठरवलेला क्रम हवा असेल तर पेनड्राइव्ह आणि साधा स्पीकर बरा. स्पीकर तुमच्या मागे ठेवा, म्हणजे आवाज आणि हालचाल एकाच दिशेने येतात. टीव्ही, मिक्सर, एक्झॉस्ट बंद. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, त्यामुळे त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त गोंगाट ऐकू येत असतो. व्यायामाआधी अर्धा तास घरात गाणं लावू नका. दिवसभर वाजणाऱ्या गाण्याकडे कोणी लक्ष देत नाही.

एक सत्र, गाण्यागणिक

पहिलं गाणं म्हणजे हजेरी. तळवे चोळायचे, मग टाळी, मग तळवे मांडीवर. याला ‘व्यायाम’ म्हणू नका. ‘चला व्यायाम करू’ला उत्तर ‘नको’ हेच येतं. गाणं लावा, समोर बसा, स्वतः सुरू करा. शिक्षिका असलेल्या आजींना ‘आजी’ऐवजी ‘बाई’ म्हटलं तर त्या ताठ बसतात. ज्यांना ज्या हाकेची सवय तीच हाक.

दुसरं गाणं खांद्यांचं. खांदे कानांपर्यंत वर, आणि सोडून द्यायचे. मग हात पुढून वर. वस्तू दिली की हात आपोआप वर जातो, म्हणून इथे एखादा रंगीत नॅपकिन किंवा ओढणीचा तुकडा द्या, फिक्या भिंतीसमोर उठून दिसेल असा. मान गोल फिरवायची नाही. फक्त हळू बाजूला बघणं, दोन्हीकडे चार-चार वेळा.

तिसरं पायांचं. आधी टाचा जमिनीवर आणि चवडे वर, मग चवडे जमिनीवर आणि टाचा वर. अर्ध्या गाण्यानंतर बसल्या जागी पावलं. बघायला सोपं वाटतं, पण घोट्याच्या या हालचालीने पोटरीतलं रक्त वर ढकललं जातं, आणि नंतर उभं राहताना चक्कर येण्याची शक्यता कमी होते. म्हणून हे गाणं उभं राहायच्या आधीच हवं.

चौथं गाणं कामाचं, आणि सगळ्यात रंगतं तेच. ज्या बाईने हजारो वेळा ताक घुसळलं तिला ‘कोपर मागे न्या’ असं सांगावं लागत नाही. जुनी ओढणी किंवा पंचा घ्या, तिची दोन टोकं त्यांच्या हातात, मधला भाग तुमच्या हातात. एक हात पुढे, एक मागे, रवीच्या दोरीसारखं. खांदा, कोपर आणि पाठ एकदम कामाला लागतात आणि ओढ किती ठेवायची ते तुमच्या हातात राहतं. जात्याचं दळण ओवीवर घेता येतं: दोन्ही हात खुंट्यावर असल्यासारखे, छातीसमोर लहान वर्तुळ. ते मोठं होऊ देऊ नका, कारण सवयीने कंबर पुढे झुकते आणि खुर्चीतून तोल जातो. ठिसूळ मणक्यांना तर हे नकोच. शाळेत लेझीम खेळलेल्या काकांच्या हातात हलकं लेझीम किंवा दीड फुटाची काठी द्या. शेतकऱ्याला पेरणीची मूठ, शिंप्याला मशिनचा पाय. माणसाने आयुष्यभर काय केलं ते विचारा, हालचाल त्यातूनच निघते.

खुळखुळा घरी करता येतो: २०० मिलिलिटरची प्लास्टिक बाटली, एक तृतीयांश मूग, झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे. पट्टी टाळू नका; काही जण झाकण उघडून मूग तोंडात घालतात. वजन हवं असेल तर पाव लिटर पाण्याची बाटली, म्हणजे पाव किलो. अर्धा लिटरपर्यंत जायची गरज फार थोड्यांना पडते. फुगे टाळा, फुटला की सत्र संपलं.

पाचवं गाणं उठ-बसीचं, ज्यांना उभं राहता येतं त्यांच्यासाठीच. इथे ध्रुवपद असलेलं गाणं हवं, कारण ध्रुवपद आलं की उठायचं आणि अंतरा लागला की बसायचं. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात चार-पाच उठ-बशी होतात आणि मधली विश्रांती गाणंच देतं. पद्धत अशी. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकणं. पावलं मागे, गुडघ्यांच्या थोडी आत. हात खुर्चीच्या हातांवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकणं (ज्यांना वाकायला मनाई आहे त्यांनी पाठ सरळ ठेवून, खुब्यातून). मग उठणं. मदतनीस दुबळ्या बाजूला, किंचित मागे, एक हात कमरेमागे. काखेत हात घालून ओढायचं नाही. खांदा निखळतो, शिवाय ओढल्यासारखं वाटलं की माणूस मागे रेटतो. बसताना अपघात जास्त होतात, कारण खुर्ची मागे आहे हे विसरून माणूस आधीच बसायला लागतो किंवा वळून शोधायला जातो. दोन्ही पोटऱ्या खुर्चीला टेकल्या की मगच ‘बसा’. उठता-बसताना जोर लावला की श्वास कोंडला जातो आणि रक्तदाब चढतो; गाणं म्हणत केलं तर तो कोंडता येत नाही.

सहावं गाणं ऐच्छिक. खुर्चीच्या मागे उभं राहून पाठीला धरून टाचा उचलणं, किंवा वारीतल्या पावलीसारखं एक पाऊल बाजूला, एक परत. इथे खुर्चीची पुढची बाजू भिंतीकडे करून ती पक्की टेकवा. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून डोलावं, त्यांना बाजूला काढू नका.

शेवटचं गाणं नेहमी तेच, संथ. हात मांडीवर, श्वास, तळवे चोळून चेहऱ्याला. लगेच पाणी, आणि निदान पाच मिनिटं उठवायचं नाही.

दम किती लागतोय ते गाण्यानेच कळतं. आरामात गाता येतंय म्हणजे हलकं चाललंय. बोलता येतंय पण गाता येत नाही म्हणजे मध्यम, आणि बहुतेकांना यापुढे नको. वाक्य अर्ध्यात तुटतंय म्हणजे थांबा. छातीत दुखणं, घाम फुटून अंग गार पडणं, ओठ पांढरे पडणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं: गाणं बंद, आधार देऊन आरामात टेकवा, १०८ ला फोन. मधुमेह्याला थरथर सुटली तर साखर तपासा. ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात.

बिघडतं कुठे

सगळे एक ठोका मागे पडतायत? लय जास्त आहे. वेग कमी करायचं ॲप वापरा किंवा हालचाल निम्म्या वेगाने घ्या. ‘पटापट करा’ म्हणून उपयोग नाही. नवी हालचाल सुरू केली की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मेंदूला तेवढा वेळ लागतो, आणि आपण नेमकं सहाव्या आकड्याला पुन्हा बोलून त्यांचं काम पहिल्यापासून सुरू करतो.

बोलायचंच तर दोन शब्दांत. ‘टाच वर.’ ‘हात माझ्याकडे.’ ‘असं नाही, अहो तसं नाही’ यातून फक्त ‘नाही’ ऐकू जातं. हात धरून शिकवायचं असेल तर तुमचा तळवा त्यांच्या तळव्याखाली ठेवा. वरून पकडलं की झटकतात.

हालचाल थांबतच नाही, गाणं संपलं तरी टाळ्या चालू: हट्ट नव्हे, मेंदूला गिअर बदलता येत नाहीये. गाणं एकदम बंद न करता आवाज हळूहळू कमी करा आणि हातात दुसरी वस्तू द्या. वस्तू मुठीतून सुटत नसेल तर ओढू नका, हाताच्या पाठीवर हलकेच हात फिरवा.

रडू आलं तर घाबरू नका आणि ‘रडू नका’ही म्हणू नका. गाणं पूर्ण होऊ द्या, जवळ बसा. रडणं गाण्याबरोबर ओसरलं तर ते गाणं शेवटच्या जागी हलवा. अर्धा तास टिकलं तर यादीतून काढा.

कालपर्यंत टाळी देणारं माणूस आज अचानक गुंगीत आहे किंवा उलट फारच बिथरलंय, तर हा डिमेन्शिया एका रात्रीत वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी. व्यायाम सोडा, डॉक्टर गाठा.

आजाराच्या प्रकाराने फरक पडतो. लेवी बॉडी किंवा पार्किन्सनबरोबरच्या डिमेन्शियात पाय जमिनीला चिकटतात. ठळक ठेका, अगदी नुसती टाळीसुद्धा, पाऊल सोडवायला मदत करते. पण त्यांचा रक्तदाब उभं राहताच उतरण्याचं प्रमाणही जास्त असतं, आणि व्यायाम गोळीचा अंमल असतानाच घ्यावा. पक्षाघातानंतरच्या डिमेन्शियात काहींचं दुबळ्या बाजूकडे लक्षच जात नाही; ओढणी दोन्ही हातांत असली की ती बाजू आपोआप सामील होते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात काही जण तेच गाणं दिवसभर म्हणत राहतात. त्यांच्यासाठी यादी लहान आणि शेवट ठळक ठेवा.

अंथरुणाला खिळल्यावर

तेव्हाही गाणं चालतं, फक्त पाच ते दहा मिनिटं आणि एक-दोनच गाणी. डोकं उशीने ३० ते ४५ अंश उंच. तळव्याखाली तळवा घेऊन ठेक्यावर बोटं उघडणं-मिटणं, मनगट, कोपर, मग घोटा. सांधा जिथे अडतो तिथे थांबा. रेटल्याने आखडणं कमी होत नाही, दुखणं मात्र वाढतं. प्रत्येक सांधा चार-पाच वेळा, श्वासाइतक्या संथ लयीत. रेकॉर्डपेक्षा तुमचा स्वतःचा आवाज बरा, बेसूर असला तरी. कपाळाला आठी, मिटलेले ओठ, वळवलेली मान, घट्ट झालेली मूठ यांचा अर्थ ‘पुरे’ असा घ्या. कूस बदलण्याआधी किंवा अंग पुसण्याआधी हेच गाणं लावलं तर अंग थोडं सैल मिळतं.

वही

एक शंभर पानी वही पुरे. डावीकडे गाण्याचं नाव आणि त्याची हालचाल, उजवीकडे त्या दिवशीचं एका ओळीचं टिपण: किती उठ-बशी, कुठे थांबले, कुठे गायले. महिन्याने उठ-बशी पाचवरून तीनवर आली असतील तर डॉक्टरांना ही वहीच दाखवा. ‘जरा अशक्त वाटतात’ यापेक्षा त्यांना ती जास्त सांगते. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी बदलून आल्या की पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह आणि वही त्यांच्या हातात द्या आणि निदान दोन सत्रं शेजारी बसून करून दाखवा. नवीन माणूस, नवीन गाणी आणि नवीन वेळ हे तिन्ही बदल एकाच आठवड्यात करू नका. रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर पहिलं आणि शेवटचं गाणं मोबाइलमध्ये भरून घ्या; वॉर्डात हेडफोन कानात न घालता उशीपाशी ठेवा. सल्ला किंवा जवळच्या सोयींची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.